आधी ऊब, मग दाणा

बालदोस्तांनो, आठवडी बाजारात नाहीतर जत्रेत तुम्ही रंगीत पिल्ले नक्की पाहिली असतील. गुलाबी, हिरवी, जांभळी, केशरी! सायकलच्या मागे जाळीचा पिंजरा आणि त्यात शंभर-दीडशे पिल्लांचा चिवचिवाट. ‘दहाला एक, पंचवीसला तीन!’ अशी आरोळी ऐकली की मुलांचे पाय तिथेच खिळतात. काही विक्रेत्यांकडे तर पैसेही लागत नाहीत. घरातले भंगार किंवा फुटकी प्लॅस्टिकची बादली दिली तरी पिल्लू हातात पडते.

आता सांगा पाहू, कोंबडीचे पिल्लू कधी हिरवे असते का? अर्थातच नसते. ते रंगाच्या पाण्यात बुडवून काढलेले असते. ही पिल्ले येतात कुठून, तेही ऐकण्यासारखे आहे. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांना फक्त माद्या हव्या असतात. पण अंड्यांतून निम्म्या माद्या आणि निम्मे नर बाहेर पडतात. नर अंडी देत नाहीत. मांसासाठी वाढवावेत, तर या जातीचे नर अंगाने लवकर भरत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना निवडून बाजूला काढतात. जगभर अशी कोट्यवधी पिल्ले दरवर्षी मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून कायदा करून त्याला बंदी घातली आहे. आपल्याकडे यातलीच काही पिल्ले रंगवून स्वस्तात विकली जातात. म्हणजे तुमच्या ओंजळीतले ते गुलाबी पिल्लू बहुतेक वेळा एक नको असलेला कोंबडा असतो! आणि तुमच्या हातात येण्याआधी त्याने एक-दोन दिवस ऊन, वारा आणि धक्के सोसलेले असतात.

मी हे सगळे शिकले ते आमच्या शाळेतल्या एका दुसरीतल्या मुलीमुळे. आमची शाळा सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यात आहे. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन शिक्षक आणि समोर भातखाचरे. २०२२ च्या डिसेंबरात, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, ती आणि चौथीत शिकणारा तिचा भाऊ पुठ्ठ्याचा खोका घेऊन वर्गात आले. खोक्यात पाच पिल्ले होती. दोन गुलाबी, दोन हिरवी आणि एक केशरी. केशरी पिल्लू पाय ताणून आडवे पडले होते. बाकीची चार कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती. खोक्यात खाऊची काही कमतरता नव्हती. तांदूळ होते, फरसाण होते, बिस्किटाचा चुरा होता, वाटीत दूधही होते. खोका मात्र रात्रभर ओसरीवर होता, आणि डिसेंबरातली आमच्याकडची पहाट म्हणजे दात वाजवणारी!

मधल्या सुट्टीपर्यंत आणखी दोन पिल्ले गेली. मुलगी रडली नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाई, म्या त्यास्नी घास भरवला, दूध दिलं, कुणाला हात लावू दिला न्हाय. मग ती का मेली?”

‘देवाघरी गेली’ असे म्हणून हा प्रश्न मिटवता आला असता. पण शाळेत विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले पाहिजे. आणि या प्रश्नाचे उत्तर आमच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हते. ते होते शाळेच्या मागच्या घरात राहणाऱ्या आजींकडे. आमच्याकडे खिचडी शिजवायला येणाऱ्या मावशींच्या त्या सासूबाई. सत्तरी ओलांडलेली, पण हात अजून कामाला वाघ! त्यांनी खोक्यात हात घालून उरलेल्या दोन पिल्लांचे पाय चाचपले.

“पाय बरफागत पडल्यात की. अवं बाई, दाणा कशाला घालताय त्यास्नी? पिलाला आधी ऊब, मग दाणा.”

एवढे बोलून त्यांनी दोन्ही पिल्ले पदरात गुंडाळून पोटाशी धरली आणि खिचडीच्या चुलीपाशी जाऊन बसल्या. सगळी शाळा भोवती गोळा झाली. अर्ध्या तासाने पदरातून एक बारीकसा ‘चिव’ ऐकू आला. मुलांनी अशा टाळ्या वाजवल्या की आजींना त्यांना दटावावे लागले, “गप ऱ्हावा, भित्याल ती!”

‘आधी ऊब, मग दाणा.’ दुसऱ्या दिवशी हे वाक्य मी फळ्यावर लिहिले, आणि आम्ही त्याची कारणे शोधायला लागलो. माझ्या डी.एड.च्या वेळी कार्यानुभव हा विषय असायचा. इथे तर कार्यानुभव चोचीसकट समोर उभा होता!

पहिली गोष्ट म्हणजे पिल्लाचे वजन. एक दिवसाचे पिल्लू साधारण ३० ते ४० ग्रॅम भरते. म्हणजे दहा रुपयांची चार-पाच नाणी! एवढासा देह पटकन गार होतो. पेलाभर चहा निवायला वेळ लागतो, पण बशीत ओतलेला घोटभर चहा लगेच निवतो, तसेच हे. त्यातून पिल्लाच्या अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते. मोठ्या कोंबडीचे अंग आपल्यापेक्षा गरम असते, सुमारे ४१ अंश सेल्सिअस. पण ते तसे राखण्याची ताकद पिल्लात सुरुवातीचे काही आठवडे पुरती आलेली नसते. ती ऊब आईने द्यायची असते.

दुसरी गोष्ट तर मुलांना जादूच वाटली. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते. हीच त्याची शिदोरी! या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस काढू शकते. म्हणून तर एक दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून दूरच्या गावी पाठवता येतात. मग आता समजा, पिल्लू गारठले आणि आपण त्याला घास भरवत बसलो, तर काय होईल? त्याला पचवण्याची शक्तीच नसते. आणि दूध तर पक्ष्यांचे अन्नच नव्हे. दुधातली साखर त्यांना पचत नाही, उलट हगवण लागते.

त्या मुलीला मी जवळ बसवले आणि सांगितले, “तुझी पिल्ले उपाशी मेली नाहीत, गारठून मेली. तू त्यांना माया दिलीस. त्यांना लागणारी माया वेगळी होती, आणि ती तुला कुणी सांगितली नव्हती.” तिने मान हलवली आणि विचारले, “मग ह्या दोघांस्नी काय द्यायचं?”

त्याची तयारी आजींच्या पडवीत झाली. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्ले दाटी करतात आणि खालची गुदमरतात, म्हणून कोपराच नको! मुलांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या जोडून दीड फूट उंचीचे गोल कडे केले. तळाला दोन इंच भाताचे तूस पसरले. तूस ओल शोषते आणि खाली गादीसारखे राहते. पण नवी पिल्ले दिसेल त्यावर चोच मारतात आणि तूसच खात बसतात. म्हणून पहिले तीन दिवस त्यावर साधे वर्तमानपत्र अंथरले, रोज बदलले. गुळगुळीत, चकचकीत कागद मात्र चालत नाही. त्यावर पाय फाकून पिल्लू अधू होऊ शकते.

आता बल्ब. एका मुलाने उत्साहाने घरून एलईडी बल्ब आणला. लावला. लख्ख उजेड पडला! पण खाली हात धरला तर ऊब नाहीच. एलईडी वीज वाचवतो तो त्यामुळेच, कारण त्याची वीज उष्णतेत फारशी वाया जात नाही. आम्हाला नेमकी तीच ‘वाया जाणारी’ उष्णता हवी होती! शेवटी एकाच्या घरी जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब सापडला. तो मावशींच्या मुलाने पक्क्या तारेने टांगून दिला. मुलांनो, हे काम मोठ्या माणसानेच करायचे. तूस आणि कागद चटकन पेटतात. बल्ब कशालाही टेकता कामा नये आणि पडताही कामा नये.

पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला ते तीनेक अंशांनी कमी करत जायचे. आम्ही विज्ञानपेटीतला तापमापक लावला होता. आजींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. “पिलांकडं बघा, ती सांगत्यात,” त्या म्हणाल्या. आणि खरेच, पिल्लेच सांगत होती! बल्बखाली गोळा होऊन कर्कश ओरडली, तर थंडी वाजते आहे. कडेला पळून चोच उघडी ठेवून धापा टाकू लागली, तर गरम होते आहे. सगळी एकाच बाजूला सरकली, तर कुठून तरी वाऱ्याची झुळूक लागते आहे. इकडेतिकडे फिरत, खात, मधेच डुलक्या घेत असली, तर सगळे ठीक आहे. चौथीच्या मुलांनी यांची चार चित्रे काढून पडवीत लावली. ऊब कमी-जास्त करण्यासाठी बल्ब वर-खाली करायचा, एवढे पुरे. रात्री वीज गेली तर काय? गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवायची. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीच ठेवायची नाही. तिचा धूर पिल्लांना आणि माणसांनाही घातक असतो.

ऊब झाली, आता पाणी. होय, दाण्याच्या आधी पाणी! पहिल्या दिवशी कोमट पाण्यात किंचित गूळ विरघळवून दिला. पाणी म्हणजे काय, हे आई नसलेल्या पिल्लाला ठाऊकच नसते. म्हणून प्रत्येकाची चोच एकदा अलगद पाण्यात टेकवायची. एकदाच, आणि नाकपुड्या बुडू न देता. मग ते स्वतःच मान वर करून घोट गिळते. पाण्याची थाळी उथळ हवी आणि तिच्यात स्वच्छ गोटे टाकायचे. नाहीतर पिल्लू थाळीत पडून भिजते, गारठते, प्रसंगी बुडतेही. दिवसातून दोन-तीनदा पाणी बदलायचे, कारण पिल्ले त्यात तूस, माती आणि शीट सगळे टाकतात.

आणि मग दाणा. पशुखाद्याच्या दुकानात लहान पिल्लांचे खाद्य मिळते. त्याला ‘चिक स्टार्टर’ म्हणतात. त्यात प्रथिने सुमारे २० टक्के असतात. पिल्लाला हाडे, स्नायू आणि पिसे सगळे एकदम वाढवायचे असते, म्हणून नुसत्या तांदळावर भागत नाही. आमचे खाद्य येईपर्यंत दोन दिवस मक्याचा बारीक भरडा आणि तांदळाची कणी दिली. वर उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घातला. आजी रानातून वाळवीचे ढेकूळ आणून फोडायच्या. पिल्ले त्यावर अशी तुटून पडायची की बस्स! पहिल्या आठवड्यात एक पिल्लू दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम खाते. दोन पिल्लांना आठवड्याला किती लागेल, हे गणित तिसरीच्या मुलांनी बोटांवर सोडवले. अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबड्यांचे खाद्य मात्र पिल्लांना घालायचे नाही. त्यात कवचासाठी चुना जास्त असतो आणि तो पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. फरसाण आणि बिस्किटेही नकोत.

कोंबडीला दात नसतात, मग ती दाणे चावते कशी? पोटातल्या स्नायूंच्या जाड पिशवीत ती बारीक खडे साठवते आणि तिथेच दाणे दळते. म्हणजे जाते गिळून फिरणारा प्राणी! पिल्ले भरडलेल्या दाण्यांवरून अख्ख्या दाण्यांवर आली, की त्यांना थोडी जाडसर वाळू द्यावी.

आणखी एक काम सांगते. हसू नका! प्रवासाने नाहीतर थंडीने त्रासलेल्या पिल्लाची शीट शेपटीखाली वाळून घट्ट बसते. मग त्याला शी होत नाही आणि ते दगावते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती जागा हळूच पुसून कोरडी करायची. आमच्या गुलाबी पिल्लाला असे झाले, तेव्हा हे काम दुसरीतल्या त्या मुलीनेच केले. नाक मुरडले नाही. पुसले, कोरडे केले, बल्बखाली ठेवले आणि साबणाने हात धुऊन आली. हात धुणे हा आमचा पहिला नियम होता. पिल्लांच्या अंगावरून पोटाचे रोगजंतू आपल्याकडे येऊ शकतात, म्हणून त्यांना तोंडाजवळ न्यायचे नाही आणि पापा घ्यायचा नाही.

जानेवारीत आजींची काळी कोंबडी खुडूक झाली. म्हणजे तिने अंडी देणे थांबवले, घरट्यातून उठेना, कुणी जवळ गेले की पिसे फुलवून गुरगुरू लागली. आजींनी पाटीत पिंजर घालून तिच्याखाली १२ अंडी ठेवली. मुलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली आणि २१ दिवस मोजले. आठव्या रात्री अंधारात अंडी टॉर्चवर धरली. आत लाल शिरांचे कोळ्यासारखे जाळे दिसले आणि मधे हलणारा काळा ठिपका! दोन अंडी आतून स्वच्छ, नुसती पिवळी दिसली. त्यांत जीव नव्हता, ती बाजूला काढली. कोंबडी दिवसातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटे उठायची. खायची, पाणी प्यायची, धुळीत लोळायची आणि घाईने परत यायची. अंडी ती चोचीने सारखी फिरवत असायची. बसून बसून ती हडकली.

विसाव्या दिवशी आजींनी मुलांना पाटीजवळ बोलावले आणि एक अंडे कानाशी धरायला दिले. आतून चिवचिव येत होती! बाहेर येण्याच्या आधीच पिल्लू बोलू लागते आणि कोंबडी त्याला खालच्या आवाजात उत्तर देते. माझा सगळा वर्ग त्या दिवशी जितका गप्प होता, तितका एरवी कधीच नसतो. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक पांढरा टणक ठिपका असतो. त्याने ते कवच आतून खरवडून फोडते. दोन-चार दिवसांत तो गळून पडतो. एक पिल्लू फार वेळ अडकल्यासारखे वाटले, तेव्हा चौथीतला एकजण कवच सोलायला पुढे झाला. आजींनी त्याचा हात धरला. आतल्या पडद्यात अजून रक्त असते. घाईने सोलले तर रक्त जाते आणि पिल्लू मरते. पहिला टोचा दिसल्यापासून बाहेर यायला दिवसभरही लागू शकतो. वाट पाहणे हीसुद्धा मदतच असते, हे त्या दिवशी सगळ्यांनी शिकले. १२ अंड्यांतून ९ पिल्ले निघाली. चौथीने लगेच शेकडेवारी काढली, ७५ टक्के!

आता आमच्याकडे बल्बखाली वाढलेली दोन आणि कोंबडीखालची नऊ अशी पिल्ले होती. मुले वहीत नोंदी करू लागली आणि फरक दिसायला लागला. बल्ब ऊब देतो, पण बोलत नाही. कोंबडी दाणा सापडला की ‘टुक टुक’ करून चोचीने उचलते आणि पिल्लांपुढे टाकते. पाणी दाखवावे लागत नाही, ती पिते तेव्हा पिल्लेही पितात. पाऊस असो की वारा, पंखांची छत्री तयार! आणि आभाळात घार फिरली की तिचा एक लांब, वेगळाच आवाज येतो. क्षणात नऊच्या नऊ पिल्ले पंखांखाली गडप! आपल्या दोन हातांनी एवढ्या कामांची बरोबरी करायची, तर किती सावध राहावे लागेल, हे मुलांना त्या नोंदींवरून समजले.

नोंदींवरून आठवले. नॉर्वेमधला एक मुलगा लहानपणापासून घरच्या कोंबड्यांच्या अशाच नोंदी ठेवायचा. कोण कुणाला टोचते आणि कोण कुणापुढे मान तुकवते, हे तो लिहून ठेवी. त्याचे नाव थोर्लेइफ श्येल्डरुप-एब्बे. मोठेपणी, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्याने दाखवून दिले की कोंबड्यांच्या कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. पुढे ही कल्पना अनेक प्राण्यांच्या अभ्यासात वापरली गेली. म्हणजे बघा, परड्यात बसून केलेले निरीक्षणही विज्ञान असते.

पिल्ले सहा-सात दिवसांची झाली तेव्हा लसीचा प्रश्न आला. कोंबड्यांचा सगळ्यात वाईट रोग म्हणजे मानमोडी. त्यात कोंबडीची मान वाकडी होते, पाय लुळे पडतात आणि गावच्या गाव ओस पडते. भारतात याची पहिली नोंद १९२७-२८ च्या सुमारास उत्तराखंडातल्या राणीखेत इथे झाली, म्हणून त्याला राणीखेत रोगही म्हणतात. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लसीचा थेंब घालून पिल्लांना त्यापासून वाचवता येते. अडचण अशी, की एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची लस असते, आणि ती एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. नऊ पिल्लांसाठी कुपी फोडायची कशी?

मुलांनीच तोड काढली. घरोघर जाऊन त्यांनी पिल्ले आणि कोंबड्या मोजल्या. छोट्या वाडीत मिळून शंभरावर भरल्या! पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना आम्ही पत्र लिहिले आणि ते बर्फाच्या डब्यात लस घेऊन आले. सकाळी सातला लोक डालगी घेऊन शाळेपुढे रांगेत उभे! नाव पुकारायचे, पिल्लू धरायचे, थेंब घालायचा, वहीत खूण करायची. दीड तासात काम संपले. डॉक्टरांनी जाताना एक गोष्ट बजावली. अचानक बऱ्याच कोंबड्या मेल्या तर हात लावायचा नाही, लगेच दवाखान्यात कळवायचे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता, तेव्हापासून ही काळजी जास्तच घेतात.

सगळी पिल्ले वाचली असे मात्र नाही. एक घारीने नेले. काळी कोंबडी उडून धावली, पण उपयोग झाला नाही. एक मांजराने पळवले. आजी रोज संध्याकाळी पिल्ले मोजून डालग्याखाली घालायच्या. त्या दिवशी मोजणी आठवर थांबली, पुढे सातवर. दुसरीतल्या मुलीने वहीत लिहिले, ‘घारीने नेले.’ मग जरा वेळाने विचारले, “बाई, घारीलापण पिलं असत्यात का?” असतात. आमच्या शाळेच्या वरच्या अंगाला आंब्यावर तिचे घरटे होते. ते मी तिला दाखवले. ती बराच वेळ वर बघत राहिली.

बाजारातल्या त्या दोघांचे काय झाले? पिसे फुटू लागली तसा त्यांचा गुलाबी-हिरवा रंग लवेबरोबर निघून गेला आणि दोघे पांढरेशुभ्र निघाले. पुढे तुरे लाल झाले आणि एका पहाटे बेसूर बांग ऐकू आली. दोघेही कोंबडेच! मग मारामाऱ्या सुरू झाल्या. एक मुलांच्या आजोळी गेला, दुसरा आजींच्या परड्यात राहिला. आमच्या गावात बहुतेक घरी कोंबडी शेवटी जेवणासाठीच पाळतात, हे मुलांना माहीत आहे. त्यावर वर्गात बोलणे निघाले. कुणाच्या घरी खातात, कुणाच्या घरी खात नाहीत. चौथीतला तो भाऊ म्हणाला, “बाई, खायाचं आसलं तरी जितं आसपतूर त्याला उपाशी न् गारठलेलं कशाला ठेवायचं?” एवढे बोलून तो खाली बसला. त्यावर कुणीच काही बोलले नाही.

आता पालकांना दोन शब्द. बाजारात मूल हट्ट धरते आणि दहा रुपयांत सुटका होते, हे खरे. पण त्या दहा रुपयांत एक जीव येतो. रात्री ऊब द्यायची सोय आहे का, दिवसातून चार वेळा लक्ष घालणारे मोठे माणूस घरात आहे का, मांजर-कुत्र्यापासून आडोसा आहे का आणि तो मोठा होऊन बांग देऊ लागला की ठेवणार कुठे, या चार प्रश्नांची उत्तरे ‘आहे’ अशी असतील तरच पिंजऱ्यापाशी थांबा. नसतील तर मुलाला नाही म्हणा आणि का नाही तेही सांगा. मुलांना कारण सांगितले की कळते, असा माझा रोजचा अनुभव आहे. पाळायचीच असतील तर ओळखीच्या घरची किंवा सरकारी उबवणी केंद्रातली लस टोचलेली पिल्ले घ्या. आणि एकटे पिल्लू घेऊ नका, सोबत नसली की ते ओरडून ओरडून दमते.

आणि बालदोस्तांनो, पिल्लू नसले म्हणून काही अडत नाही. सुट्टीत गावी गेलात की कुणाच्या तरी परड्यात पिल्लांची कोंबडी असेलच. तिच्यापासून दहा पावले दूर बसा, अर्धा तास हलू नका आणि ती किती वेगवेगळे आवाज काढते ते मोजा. प्रत्येक आवाजाला पिल्ले काय करतात, तेही लिहा. आमच्या तिसरीच्या वर्गाने सात आवाज मोजले आहेत. बघू या, तुम्हाला किती सापडतात!